पाणवठ्यावरच्या भांडणाची भाषा

इथे कन्नड मुलखात, महादेवपुऱ्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत मी गेम खेळून त्यातल्या चुका शोधतो. आठवीत शाळा सोडलेल्याला हे काम मिळालं ते ताईंमुळे. ताई पुण्याच्या, आमच्या टीमच्या प्रमुख. जेवणाच्या सुट्टीत मी वहीत स्वतःची एक भाषा रचत बसायचो. ती त्यांनी पाहिली आणि मला थेट मीटिंगला बसवलं. नव्या गेममधल्या जंगलातल्या लोकांसाठी बोली बनवायची होती, कुठल्या तरी जुन्या भाषेवर बेतून.

ताई म्हणाल्या, संस्कृत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला पटलं नव्हतं. आमच्या गावामागच्या डोंगरात लेणी आहेत, तिथले लेख प्राकृतात आहेत, सोनारांचे, धान्य विकणाऱ्यांचे. पण ज्यांनी इथवर आणलं त्यांनाच कसं अडवायचं? "सरी, ताई," म्हणजे कन्नडमध्ये 'बरं', एवढंच म्हणालो. मग बसमध्ये घरी बनशंकरीपर्यंत स्वतःवर धुमसत राहिलो.

महिन्याभराने चाचणीला गेममधलं पाणवठ्यावरचं भांडण घेतलं. दोन बायका एकच हंडा ओढत संस्कृतात भांडताहेत. शेजारच्या टेबलावरच्या कन्नड अण्णांनी हेडफोन काढून शांतपणे विचारलं, पूजा झाली की भांडण सुरू होणार का?

ताई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या.

"तुझं तोंड महिनाभर पडलेलंच आहे. बोल की."

मी प्राकृताचं सांगितलं. त्यांनी आठवडा दिला: भांडणाची दहा वाक्यं आण, नाही जमलं तर संस्कृतच ठेवू.

तिथेच घोडं अडलं. लेण्यांतलं मला ठाऊक होतं ते बाहेरच्या पाटीवर वाचलेलं. अमक्याने पाण्याचं टाकं दिलं, तमक्याने खोली दिली. सगळे देणारेच. कुणी हिसकावत नाही, कुणी शिवी हासडत नाही. बसवनगुडीच्या एका वाचनालयात प्राकृताचं व्याकरण सापडलं, तेही इंग्रजीत. एकेक शब्द फोनवर शोधत पाच दिवसांत दोन पानं झाली. वाक्य एकही नाही. चिडायचं तरी कुणावर? शाळा मीच सोडली होती. आणि हे ताईंना कळलं की मीटिंगमधली खुर्ची गेलीच, असं सारखं वाटायचं.

सहाव्या दिवशी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"ताई, मला हे इंग्रजी वाचता येत नाही. वाचून सांगाल?"

त्यांनी पुस्तक उघडलं, पायाने बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आधी काय शोधू, हंडा की शिवी?"

"शिवी," मी म्हणालो आणि वही काढली.