दुमडीतली माया

माझी लेक कंट्री गाते. कंट्री म्हणजे इथलं गावाकडचं गाणं. ट्रक, धूळ, घर सोडून गेलेली माणसं. नेपरव्हिलच्या आमच्या घरी बाहेर बर्फ पडत असायचा आणि भिंतीपलीकडून तिची गिटार झिरपत यायची. ऐकता ऐकता मी कुठल्या देशात आहे ते विसरायचे. ओळखीच्यांना मात्र प्रश्न. एक काकू म्हणाल्या, "अगं, त्यापेक्षा भरतनाट्यम तरी करायचं." मी म्हटलं, "काकू, गळा तिचा आहे, तुमचा नाही." त्या पुढच्या गणपतीला आल्याच नाहीत.

लहानपणी तिचे सगळे फ्रॉक मी शिवायचे. खालच्या दुमडीत कापड भरपूर ठेवायचं आणि दर उन्हाळ्यात थोडं सोडायचं. त्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. दुमड सोडली तरी जुन्या घडीची रेघ जात नाही. शाळेतली पोरं त्या रेघांवरून चिडवायची. ती घरी येऊन विचारायची, "पण याला माया का म्हणतात?" मी म्हणायचे, "म्हणतात बाई. पाय हलवू नकोस, सुई लागेल."

हे सगळं तिनं एका गाण्यात घातलं. गाणं इंग्रजी, मधोमध एकच मराठी शब्द, माया. तिनं ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी फोडणी करत होते. मोहरी करपली.

ते गाणं नॅशव्हिलच्या एका गाण्यांच्या कंपनीला आवडलं. आधी व्हिडिओ करू, तो जमला तर पूर्ण अल्बम, असं ठरलं. कॉलेज संपल्यापासून पोरगी कॉफीच्या दुकानात उभी राहत होती ती ह्याच एका गोष्टीसाठी. व्हिडिओसाठी मी निळा सुती फ्रॉक शिवला, पोटऱ्यांपर्यंत. दुमडला, धुतला, सोडला, पुन्हा दुमडला. रेघा खऱ्या दिसायला हव्यात ना!

शूटिंग आमच्या घराच्या पश्चिमेला, तासाभरावरच्या मक्याच्या शेतात होतं. ऑगस्ट संपत आलेला, मका डोक्याच्या वर गेलेला. एक मशीन पांढरं धुकं सोडत होतं. आणि मजा अशी की, गाणं दुप्पट वेगानं लावायचे. लेक भराभरा ओठ हलवायची आणि नंतर तेच पडद्यावर बघावं तर सगळं संथ. केस तरंगतायत, एक टोळ उडालाय तो खाली यायलाच तयार नाही. मी धुक्यात उभी राहून बघत होते. मला वाटलं, आपण दुपारी जेवून पडलोय आणि हे स्वप्न आहे.

तेवढ्यात डिरेक्टर आला. गोड बोलणारा, नम्र मुलगा. म्हणाला, सुंदर, फक्त लांबी जरा जास्त आहे. कपड्यांचं बघणाऱ्या मुलीनं टाचण्या लावल्या. गुडघ्यावर. मग आणखी वर. मग आणखी. पाण्याची बादली आली. आता हिनं ट्रक धुवायचा आणि भिजायचं. लेक म्हणाली, हे तर फ्रॉक खाली सोडण्याचं गाणं आहे. तो म्हणाला, "लोक आधी आवाज बंद ठेवूनच बघतात. सगळ्या मुली असंच करतात."

गाण्याचा व्हिडिओ आणि आवाज बंद! कपाळ माझं! सकाळी त्याच शेतात एका पुरुष गायकाचं शूटिंग झालेलं. गळ्यापर्यंत बटणं, वर जाकीट. त्याला कुणी साधं कोपरसुद्धा दाखव म्हणालं नव्हतं.

मी तोंड उघडणार, तर लेकीनं माझ्याकडे बघितलं. आदल्याच आठवड्यात, फ्रॉकचा गळा जरा वर घेते म्हणाले म्हणून आमचं वाजलं होतं. ती म्हणाली होती, "एव्हरीवन हॅज अ मेझरिंग टेप, आई. तुझ्यासकट." मी दोन दिवस बोलले नव्हते तिच्याशी. म्हणून आता मी खाली पडलेल्या टाचण्या वेचायला लागले.

टाचण्या सारख्या निसटत होत्या. डिरेक्टर म्हणाला, तुझी आई पटकन शिवून देईल का? एरवी मला इंग्रजीत उत्तरं देणारी माझी लेक मराठीत म्हणाली, "आई, शिवशील?" डोळे काठोकाठ भरलेले. नाही म्हटलं तर कंपनी जाणार. हो म्हटलं तर गाणं जाणार. मला इतका राग आला होता की सुईत दोरा जाईना.

मी धुळीत गुडघे टेकले आणि सगळ्या घेरातून एकच लांब धावदोरा घातला. कुठल्याच टोकाला गाठ मारली नाही. दोऱ्याचं टोक तिच्या डाव्या हाताशी मोकळं ठेवलं. हळूच म्हटलं, "हे ओढलंस की सगळं सुटेल. नाही ओढलंस तर राहील. तुझं तू बघ."

"ओके," ती म्हणाली.

पुन्हा धुकं सोडलं. गाणं खारीसारखं चिरचिरत सुरू झालं. त्या वेगातही माया हा शब्द मला कळला. तिचा डावा हात खाली गेला. मी पडद्याकडे नाही, तिच्याकडेच बघत होते. दोरा येत होता, येतच होता, आणि निळं कापड सावकाश खाली उतरत होतं. एक रेघ. दुसरी. तिसरी. पार पोटऱ्यांपर्यंत. ती गातच राहिली. थांबा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मग डिरेक्टर तितक्याच गोड आवाजात म्हणाला, छान, आता पुन्हा वर घेऊन एकदा करू.

"नो," लेक म्हणाली. "दॅट्स द लेंग्थ."

बादलीतलं पाणी त्यांनी मक्याला ओतलं. कंपनीनं ना व्हिडिओ काढला ना अल्बम. पोरगी अजून कॉफीच्या दुकानात आहे, आणि शनिवारी जत्रेत गाते. तो तुकडा तेवढा तिच्या फोनमध्ये आहे. टाचण्या लावणाऱ्या मुलीनंच गुपचूप पाठवला.

परत येताना गाडी मी चालवत होते. दोन्हीकडे मका, पाठीमागून लालसर ऊन. ती शेजारी पेंगत होती. बोटाला तो दोरा गुंडाळलेला. मला भीती वाटत होती, ही आता रडेल, मला दोष देईल. अर्धवट झोपेत ती पुटपुटली, "आई, तू गाठ का नाही मारलीस?"

"झोप गुपचूप," मी म्हटलं. "माझी हायवेची एक्झिट चुकेल."

आणि चुकलीच. समोरचं काही दिसत नव्हतं मला.