पऱ्हाटी, साडेसात किलो

प्रमिलाबाई एका जागी बसली, असं तिगावात कोणी पाहिलं नाही. च्या उभ्यानंच प्यायची, अन् कप खाली ठेवायच्या आत पुढच्या घरची कडी वाजवायची. चौऱ्याऐंशी साली तिला सरकारी बिनधुराच्या चुलीचं काम लागलं. गरिबाघरी जायचं, रांधायच्या आधी अन् नंतर लाकडं हुकाच्या काट्यावर तोलायची, किती जळलं ते लिहायचं. पाच किलोच्या वर जळत असेल तर त्या घराला धुराड्याची चूल फुकट.

पण पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून निघालं, "चुलीची तपासणी आहे." तपासणी हा शब्द इकडं चोरून तोडलेली लाकडं धरणाऱ्या जंगलच्या नाकेदाराचा. झालं! वस्तीतली सारी लाकडं निजायच्या माचीखाली, कडब्यात गडप. ज्या दारी जावं तिथं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. त्या काय भरणार? दीड किलो, दोन किलो. एकही घर यादीत बसेना, अन् कागद उद्या सौंसरच्या सरकारी हापिसात द्यायचा.

शेवटी ती वस्तीतल्या मंगलाकडं शिरली. मंगला खोकल्यानं अशी वाकायची का हातातली भाकर थरथरायची.

"लाकडं दाखव वं."

"लाकडं कुठचे बाई? पऱ्हाट्याच जाळून राहिलो आमी."

"आढं तं डांबरावानी काळं झालं तुयं. पऱ्हाटीनं?"

"सासऱ्याच्या वक्ताचं हाय ते."

"बरं. रांध मंग पऱ्हाटीवर. मी पाहून राहिली."

पऱ्हाटी भडकली अन् विझली. पुन्हा भडकली, पुन्हा विझली. भाकर एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं कच्ची. डाळीला कढच येईना. मंगलाची सासू रिकामं ताट घेऊन बसलेली. प्रमिलाबाई दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. अखेर बुढी कडाडली,

"अवं, काढ ना माचीखालचे सागाचे! नाकेदार येईन तवा येईन, मी आत्ताच मरून राहिली ना भुकेनं!"

"आत्याबाई!" मंगलानं कपाळ धरलं.

"मी नाकेदाराची माणूस दिसतो का तुले?" प्रमिलाबाई भडकली. "चूल द्याले आली मी, फुकट!"

"फुकट कोन देते बाई?"

पण लाकडं निघाली. साडेसात किलो जळलं.

"सागाचं नाव नोको लिहू वं बाई," मंगला म्हणाली.

कागदावर जळणाच्या नावाचा रकाना होता. प्रमिलाबाईनं पेन्सिल चावली अन् लिहिलं, पऱ्हाटी. ते ऐकून शेजारणीनं कडबा उपसला, मग तिच्या शेजारणीनं. दिवस मावळेपर्यंत नऊ घरं झाली. वजनं सारी खरी, नाव एकच.

सौंसरच्या साहेबानं चष्मा वर केला. "बाई, ये पऱ्हाटी है के लोहा?"

"गीली थी साहब."

"मई में?"

"वजन मैंने खुद तोला साहब. वजन देखो."

साहेब कागदाकडं पाहे, तिच्याकडं पाहे. ती टेबलापाशी या पायावरून त्या पायावर. त्यानं एकदाची नऊ चुलींच्या मंजुरीची सही केली. शाई वाळायच्या आत तिनं कागद ओढला.