वाळली की पडते

दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात घातलं आणि ओली पिशवी फ्रीजच्या बाजूला चिकटवली. वाळल्यावर ती आपोआप गळून पडली, आणि मला हसू आलं.

मला बघायला पाहुणे आले, तेव्हा आईने ओट्यामागच्या टाइल्सवरून भंगारवाल्यासाठी वाळत लावलेल्या सगळ्या पिशव्या घाईघाईने लपवल्या होत्या. एक राहिली. स्वयंपाकघरात आलेल्या मुलाच्या आईसमोर नेमकी तीच पडली. आईचा चेहरा उतरला.

त्यांनी पिशवी उचलली, नीट घडी घातली. "आम्ही फ्रीजला चिकटवतो हो. बाजू कोमट असते ना, लवकर वाळतात."

काटकसर आपण पाहुण्यांपासून लपवतो, आणि पाहुणे आपल्यापासून!

तोच हा फ्रीज. बाजू अजून कोमट आहे.