कशालाही न धरता

मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. सगळा जन्म सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून गेलेला, त्यामुळे धुळ्याजवळच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांचं तपासणी शिबिर होतं तेव्हा डॉक्टरांनी मला मदतीला बोलावलं. वजन, साखर, रक्तदाब आणि शेवटी खुर्चीची चाचणी. हात छातीशी बांधायचे आणि कशालाही न धरता पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं.

डॉक्टर म्हणाले, "लोक आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात, सिस्टर. पण त्यातली किती वर्षं स्वतःच्या पायांवर, ते बघायचंय."

करून दाखवायला मीच बसले. तीन वेळा उठले. चौथ्या वेळी मांड्या थरथरल्या आणि मी अर्ध्यातून धपकन खाली बसले. बायका हसल्या, मीही हसले. रांगेतले पहिले आबा मात्र हसले नाहीत. वय चौऱ्याऐंशी, रोज बकऱ्या चारणारे. "बाई, तुले काय व्हयनं?" मला काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मग खुर्चीत बसून पाचही वेळा सहज उठले. मी कागदावर त्यांचा आकडा लिहिला.

माझी आई शहाऐंशी वर्षं जगली. तिच्या दशक्रियेला सगळे म्हणत होते, भरपूर आयुष्य लाभलं. त्यातली शेवटची आठ वर्षं ती खाटेवर होती, हे कोणी बोललं नाही. खुबा मोडला आणि ती परत उभी राहिलीच नाही. तिची कूस मी बदलायचे, पाठीच्या जखमा मी धुवायचे. मी लघवीचं भांडं सरकवलं की ती तोंड भिंतीकडे करायची. तिची आई साठीतच गेली होती, दोन दिवसांच्या तापाने. तापाच्या आदल्या दिवशी तिने मिरच्या कांडल्या होत्या. म्हणजे माझ्या आईला आयुष्य जास्त मिळालं ते कसलं, आणि मला मिळणार ते कसलं, हा विचार मला परतीच्या गाडीत बसल्यापासून सोडेना.

घरी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याला सांगताना मला सगळं कळतं, स्वतःचं मात्र मी झाकून ठेवलं. जिना उतरताना कठडा धरायला लागले. खाली बसून भाजी निवडणं बंद केलं. ह्यांनी विचारलं तर म्हणायचे, ओट्यावर बरं पडतं.

महिनाभराने सकाळी आंघोळ करताना पाय सरकला. पडले म्हणण्यापेक्षा हळूहळू खाली बसले. लागलं काहीच नाही, पण उठताच येईना. नळाला धरलं, हात निसटला. दाराला आतून कडी, हे भाजी आणायला बाहेर गेलेले. ओल्या फरशीवर बसून मी स्वतःचा खुबा चाचपत होते, जसा पेशंटचा चाचपायचे तसा. छाती इतकी धडधडत होती की बाहेर कोणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. आठ वर्षं, आठ वर्षं, एवढंच डोक्यात.

मग पालथी झाले. रांगत बादलीपाशी गेले, ती उपडी केली, तिच्यावर दोन्ही हात रोवले आणि एक गुडघा, मग दुसरा. उभी राहिले तेव्हा रडू फुटलं.

हे आले तेव्हा मी ओल्या केसांनी पलंगावर बसले होते. सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी ठेवली, पेचकस शोधला आणि न्हाणीघराची कडी काढून टाकली.

डॉक्टरांनी तपासलं. हाडं ठीक होती, मांड्यांचे स्नायू वाळले होते. "औषध थोडं, व्यायाम जास्त," ते म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी मी भिंतीपाशी खुर्ची मांडते. सहा महिन्यांनी पाच वेळा जमलं. आता आठ वेळा जमतं. भीती मात्र गेली नाही. ओली फरशी दिसली की आधी भिंतीला हात लावते.

मागच्या आठवड्यात नळ मोठा सोडला होता. ह्यांनी बाहेरून दोनदा विचारलं म्हणे, "झालं का गं?" मला ऐकू आलं नाही. दार धाडकन उघडलं. ते दारात उभे, चेहरा पांढराफटक.

"अहो, मी बरी आहे," मी टॉवेल ओढत म्हणाले.

ते तिथेच उंबऱ्यावर खाली बसले. थोड्या वेळाने उठू लागले, तर चौकट धरूनही त्यांना दोनदा जोर लावावा लागला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत. इतके दिवस मी माझ्याच मांड्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी दोन खुर्च्या मांडल्या. हे कुरकुरत बसले. दोन वेळा उठले, तिसऱ्यांदा हात टेकवला.

"उद्या परत," मी म्हणाले आणि त्यांना अवघडायला नको म्हणून त्यांच्याकडे पाठ करून चहा ठेवायला गेले.