जबडा माझा, संमती मेहुण्याची

सोमवार, सकाळ. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरला वाट देताना माझी स्कूटर उघड्या चरात गेली आणि खालचा जबडा मोडला. जबाबदार: चर खणून साधा फलकही न लावणारे रस्ते खाते.
मंगळवार, दुपार. त्या जबड्याचा निर्णय माझ्या खाटेपाशी, परंतु मला वगळून झाला. जबाबदार: शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर.
मंगळवार, त्यानंतर लगेच. संमतिपत्रावर सही झाली. जबाबदार: माझा मेहुणा.
चौथा जबाबदार मी.

हनुवटीपासून डोक्यापर्यंत बँडेज असल्याने मला बोलता येत नव्हते. लिहिता येत होते, आणि मी रस्ते खात्याला तक्रार लिहीत होतो. डॉक्टर मेहुण्याला दोन पद्धती समजावत होते. तोंडाच्या आतून दोन बारीक प्लेटी बसवायच्या; बाहेर व्रण नाही, पण काही आठवडे पेजेवर राहायचे. किंवा जबड्याखाली बाहेरून चीर देऊन लांब स्क्रूंनी एकच जाड प्लेट. पकड भक्कम, पण व्रण राहतो आणि ओठ हलवणाऱ्या नसेला धोका. मी सारे ऐकत होतो. कागद अखेर माझ्यापुढेच येणार, या खात्रीने मी सदर चराची लांबी-रुंदी नोंदवण्यात गुंतलो. कागद आला नाही.

"जाडीच बसवा," मेहुणा म्हणाला. "दाजी गप बसनार न्हाय. बारीक प्लेट दोन दिसांत तोडतील."

आज पाणी पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळते. बोलताना ओठ वाकडा होतो. वर्षानुवर्षे ग्रामसभेत अर्ज वाचणारा मी अपघातानंतर एकदाही तिथे उभा राहिलेलो नाही.

मेहुण्याला जाब विचारला. "तुम्हाला इचारलं असतं, तर दाजी, आधी माहितीचा अधिकार लावला असता. तवर जबडा वाकडाच जुळला असता!" स्वयंपाकघरातून बायकोचे हसणे ऐकू आले. मलाही हसू आले, अर्ध्याच तोंडाने. त्याचाच अधिक संताप आला.

डॉक्टरांनाही जाब विचारला. त्यांनी खोलीत बोलावून, चहा मागवून एक्स-रे दाखवला. हाडाचे तुकडे झाले होते, बारीक प्लेटी टिकल्या नसत्या, ओठ बहुधा सुधारेल, असे ते म्हणाले. "पेशंटला उगाच ताण नको, म्हणून आम्ही नातेवाइकांशीच बोलतो."

प्लेटची निवड योग्य असेलही. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मी शुद्धीवर होतो, हातात पेन होते, आणि वाकड्या ओठाने जगायचे की पेजेवर दिवस काढायचे, हे मला कोणीही विचारले नाही. बाहेरच्या बाकावर त्याच रस्त्यावर पडलेले आणखी दोघे जबडे बांधून बसले होते. त्यांचेही नातेवाईक आत गेले होते.

म्हणून बंद खोलीतले उत्तर मला मान्य नाही. येत्या ग्रामसभेत मी याच ओठाने प्रश्न वाचणार आहे. डॉक्टरांनी तिथे यावे आणि सर्वांसमक्ष सांगावे: बोलता न येणाऱ्या, परंतु लिहू शकणाऱ्या माणसाची संमती आपण दुसऱ्याकडून कोणत्या अधिकाराने घेतली?