पंधरावा राऊटर

पालघरच्या एका राऊटरवाल्याने बोईसरच्या आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या पंधरा गाळेवाल्यांना फसवलं. सौदा मी ठरवला होता. म्हणून हे मीच लिहिते आहे.

माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा आहे. औषधांची, मसाल्यांची, सुक्या मासळीची, ज्याला हवी त्याची खोकी आम्ही बनवतो आणि त्यांवर छापूनही देतो. त्याआधी मी दातिवऱ्याहून आईबरोबर मासळीची टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायचे. भाव करायला तिथे शिकले. गिऱ्हाईक मांदेलीच्या वाट्यावर घासाघीस करायचं, भाव ठरायचा, आणि पिशवी उघडता उघडता ते म्हणायचं, "वर चार घाल गं." आई घालायची. ती वरची मांदेली टोपलीच्या तळची, पोट फुटलेली असायची. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. मोठी झाल्यावर वरची मांदेली मीच घालू लागले, तळाला हात घालूनच.

एवढं ठाऊक असलेली बाई राऊटर घ्यायला गेली.

आमच्या वसाहतीत तेव्हा इंटरनेटचे हाल होते. माल भरलेला टेम्पो दारात उभा, आणि ई-वे बिल निघत नाही म्हणून ड्रायव्हर शिव्या घालतोय, हे रोजचं झालं होतं. नवी लाइन आली तेव्हा मी म्हटलं, प्रत्येकाने सुटासुटा राऊटर घेण्यापेक्षा एकत्र घेऊ, भाव पाडते. पालघरच्या दुकानदाराने अट घातली, पंधरा नग घेतलेत तरच हा भाव. माझ्याकडे चौदा जण होते.

पंधरावे शेजारचे काका. घिवली गावचे. गाळ्यात एक लेथ, एक ड्रिल, आणि भिंतीवर नेमाने पुसलेला मायक्रोमीटर. लेथवर तासकाम असं करत, की त्यांचा बुश, शाफ्टभोवती बसणारं धातूचं नळकांडं, हातात धरला तर पाण्यासारखा गुळगुळीत लागे. त्यांना इंटरनेट नको होतं.

"माजा नेट तोंडात हाय, बाय," ते म्हणाले. "फोन लावतो, बोलतो, काम आनतो."

"काका, तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी मी बघते."

"तू बगनार म्हनजे दुकानदाराचं काय खरं नाय." हसले आणि लाइन, राऊटर दोन्हीला हो म्हणाले.

दुकानात मी दीड तास बसले. भाव खाली आला, आणखी खाली आला. दुकानदार रुमालाने मान पुसत म्हणाला, "ताई, आता माझ्या अंगावरचा शर्ट तेवढा राहिला."

"शर्ट राहू दे. एक वर्ष सर्व्हिस फुकट दे. फोन केला की माणूस आला पाहिजे."

"पालघरहून रोज माणूस पाठवायचा? परवडत नाही हो."

"मग पंधरा राऊटर पण राहू दे."

त्याने रुमाल खिशात घातला. मग म्हणाला, "माणूस कशाला? मी इथे बसूनच बघतो ना. तुमचा राऊटर इथून उघडायचा, दुरुस्त करायचा, बंद. तुम्हाला कळायचं पण नाही."

मला ते फार आवडलं. मी त्याला लिहून द्यायला लावलं. त्याने स्वतःच्या कार्डाच्या पाठीवर लिहिलं: पंधरा राऊटर, एक वर्ष फ्री सर्व्हिस, दुकानातून. खाली सही. गाळ्यांमध्ये परतले तेव्हा सगळ्यांनी मला चहा पाजला. मी तो ऐटीत प्यायले.

दीडेक वर्ष बरं चाललं. कधी नेट अडलं की त्याला फोन करायचा, दहा मिनिटांत सुरू. मधून मधून राऊटर तव्यासारखा तापायचा, नेट रेंगाळायचं. "मॅडम, फिर सो गया," असं माझा मशीनवरचा कामगार म्हणायचा आणि बटण बंद-चालू करायचा. त्यावर कोणी विचार केला नाही.

मग एका सकाळी काकांच्या गाळ्यासमोर पोलिसांची गाडी उभी राहिली. परराज्यात कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती आणि तिचा माग काढत काढत पोलीस काकांच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोचले होते. बिल काकांच्या नावावर, पत्ता काकांच्या गाळ्याचा. काका तेलकट हात पुसत उभे.

"जोडणी तुमची आहे, मग जबाब तुम्हालाच द्यावा लागेल," अंमलदार म्हणाला.

"देतो ना. पन साहेब, मला मोबाइलवर मुलीचा फोटो मोटा करून बगता येत नाय. मी कोनाला फसवनार? मी फसवाय गेलो तर पयला मीच फसन."

एक शिपाई हसला. अंमलदार हसला नाही. त्यांनी काकांचा कॉम्प्युटर नेला. त्यात बिलं होती आणि मुलीने हळूहळू चढवलेली कामांची ड्रॉइंग.

कॉम्प्युटर गेल्याचं काकांना एवढं वाटलं नाही. खरी गोष्ट वेगळी होती. जवळच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांचं वर्षानुवर्षांचं काम होतं, पंपांचे शाफ्ट आणि बुश. त्या कारखान्याचा गेट पास दर वर्षी नवा होतो आणि त्याला पोलिसांचा शेरा लागतो. या वेळी शेरा आला, चौकशी चालू आहे. पास थांबला. काकांचं नाव गेटवरच्या यादीतून निघालं. गेटवरच्या ज्या गार्डने त्यांच्या डब्यातला तांदळाचा रोटा खाल्लाय, त्यानेच त्यांना बाजूला उभं केलं.

दोन दिवसांनी सायबर शाखेची एक पोलीस बाई आली. वयाने लहान, पण उगाच बडबड नाही. काकांच्या गाळ्यात धड खुर्ची नाही म्हणून माझ्याकडे बसली. काकांचा राऊटर तिने काढून आणला होता, त्यावरचं स्टिकर बघितलं. त्यावर त्या दुकानाचं नाव होतं.

"पासवर्ड काय ठेवलाय?"

"आम्हाला काय माहीत? त्याने बसवलाय."

तिने माझ्या राऊटरकडे पाहिलं. तेच स्टिकर. "ताई, तुमचा उघडून बघू का? बाहेरून?"

मी हो म्हटलं. तिने आमच्या नेटला हात लावला नाही, स्वतःच्या मोबाइलवरून काहीतरी टाइप केलं. दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. माझ्या राऊटरचं आतलं पान तिच्या हातात उघडलं. मी बघत राहिले. माझ्या तिजोरीची किल्ली कोणीतरी रस्त्यावरून उचलावी तसं वाटलं.

तिने सरळ भाषेत सांगितलं. राऊटरला आतल्या बाजूने दार असतं, ते ठीक. पण याला बाहेरच्या बाजूनेही दार उघडं ठेवलं होतं, कुठूनही आत येता यावं म्हणून. पंधराही राऊटरना पासवर्ड एकच, आणि तो स्टिकरवरच अर्धा लिहिलेला. अशी उघडी दारं शोधत फिरणारे लोक असतात. ते आत शिरतात, आणि तुमच्या जोडणीआडून दुसऱ्याला लुबाडतात. माग निघतो तो तुमच्या पत्त्याचा. "शिवाय हे मॉडेल जुनं आहे. यातली भोकं बुजवणारे अपडेट कंपनीने केव्हाच बंद केलेत."

"बाहेरचं दार उघडं का ठेवलं असेल?" मी विचारलं. तोंडातून शब्द बाहेर पडतानाच मला उत्तर कळलं होतं.

"दुकानात बसून सर्व्हिस देता यावी म्हणून," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी कार्ड काढून बघितलं. वर चार घाल, म्हणाले होते मी. त्याने घातली होती, टोपलीच्या तळची.

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक जण म्हणाला, या मॉडेलचे अपडेट बंद झालेत, विक्रेत्यांना कळवलं होतं. तारीख विचारली. आम्ही घेतले त्याच्याही आधीची निघाली. मी दुसऱ्यांच्या खोक्यांवर तारखा छापून जगते. खोकल्याच्या औषधावर तारीख, हळदीवर तारीख, सुक्या जवळ्यावर तारीख. एक तारीख पुसट आली तर गिऱ्हाईक अख्खा माल परत पाठवतं, आणि बरोबर करतं. राऊटरच्या खोक्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं की हा आतून नासलाय. ते खोकं मी चारही बाजूंनी पाहिलं. पुठ्ठा चांगला होता.

मग पालघरला गेले. त्याने मला बघून चहा मागवला. मी उभीच राहिले.

"ताई, कंपनीने अपडेट बंद केले, मी काय करणार?"

"तुला कळवलं होतं."

"रोज शंभर मेल येतात हो. आणि फुकट सर्व्हिस पाहिजे म्हणून कोण अडून बसलं होतं? दार काय माझ्या हौसेसाठी उघडं ठेवलं?"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "मी सर्व्हिस मागितली होती. दार उघडं टाकून जा, असं मागितलं नव्हतं. पासवर्डला दुकानाचं नाव दे, असं मागितलं होतं का? मेलेला माल खपव, असं मागितलं होतं का? एक वर्षाची बोली होती ना? वर्ष संपल्यावर तरी दार लावायला आलास?"

तो गल्ल्यामागे सरकला. "तुमच्या काकांचं मला वाईट वाटतं," म्हणाला. पोलीस ठाण्यात येऊन हे सांग, म्हटलं, तर त्याला वाडा नाक्यावर काम निघालं.

परत आल्यावर काकांना सगळं सांगितलं. माझी हाव, माझी फुकट सर्व्हिस, पंधरावा नग भरायला त्यांना ओढलं ते. वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते लेथच्या चकवरची धूळ फुंकत म्हणाले, "बाय, तू माज्यासाटी नाय केलंस, भावासाटी केलंस. पन मुद्दाम नाय केलंस." आणि लेथवर चादर ओढत, "घिवलीत इचारतात, पोलीस कशाला आलते. काय सांगू?"

मी माझा जबाब पोलीस ठाण्यात लिहून दिला आहे. त्यात माझा सौदा जसाच्या तसा आहे, वरचं मागितलेलं सुद्धा. कार्डाची प्रत जोडली आहे. पंधराही राऊटर बदलले, दारं बंद केली, पासवर्ड ज्याचे त्याने ठेवले. पण अंमलदार म्हणतो, दार कोणी उघडं ठेवलं हे दुकानदाराच्या तोंडून आलं पाहिजे, मग शेरा बदलता येईल. तोवर काकांचा लेथ चादरीखाली आहे.

कंपनीने, माल मेला हे माहीत असून तो दुकानातून उचलला का नाही, याचं उत्तर द्यावं. ते मी मागत राहणारच आहे. पण आधी तू, दुकानदारा. कार्डावरचं अक्षर तुझं आहे. चहा नको, वाईट वाटणं नको. बोईसरला ये, ठाण्यात माझ्या शेजारी बस आणि लिहून दे की दार तू उघडं टाकलंस. मग माझ्याबरोबर त्या गेटवर चल, आणि काकांना बाजूला का उभं केलं, हे त्या गार्डला तुझ्या तोंडाने सांग.