बाभळीच्या फळीत उमटलेली साखळी

मंडळी, दुपारपासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

संग्रामपूरजवळ आमच्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ परवा वाऱ्यानं पडली. नव्या घराच्या दाराची चौकट करायला आज मी आणि बाबांनी ती आरा मशीनवर नेली. कापताना पातं एकदम किंचाळलं, ठिणग्या उडाल्या. खोडात साखळीची कडी अडकलेली होती. झाडानं ती कधीच गिळली होती.

फळ्या मात्र छान गुलाबी निघाल्या. चहा पिऊन परत आलो, तर कडीभोवती निळा-काळा डाग उमटलेला. बघता बघता तो पसरत होता, मनगटावर वळ उठावा तसा.

मशीनवाला म्हणाला, "बाभळीत लोखंड असलं का हवा लागल्यावर असंच होते. भेऊ नोका."

मी म्हणालो, "बाबा, बैलाची साखळी असन."

बाबांची नजर डागावरच होती. "बैल नाही बे. तुहा काका. डोकं फिरलं होतं त्याचं. आम्हीच त्याले तिथं बांधत होतो."

काका त्याच्या लहानपणीच तापानं गेला, एवढंच मला माहीत होतं.

मी ती फळी बाजूला ठेवायला गेलो. बाबांनी हात धरला. "हेच दाराले लाव. येता-जाता दिसली पाहिजे मले."

सांगा, त्या दारातून तुम्ही आत गेला असता?